तीन साखळ्या, एक तळं

1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूरचा किल्ला केंपेगौडांच्या घराण्याकडून घेतला आणि ते ठाणं शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. शहाजीराजांनी तिथे दरबार मांडला. जयराम पिंड्येसारखा कवी त्या दरबारात वावरला, जिजाबाई आणि बाल शिवाजीही काही काळ तिथे राहून गेले. मराठी वाचकाला जुन्या बंगळूरची ओळख असते ती साधारण एवढीच. या ठाण्याला नदी नव्हती, ही बाब मात्र सहसा नजरेतून सुटते. पुण्याला मुठा, पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजे गेले त्या तंजावरला कावेरीचे फाटे. बंगळूर मात्र समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच, एका पाठाळावर, म्हणजे लांबट उंचवट्यावर, बसलेलं. या पाठाळाच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वृषभावती आणि अर्कावतीतून कावेरीला मिळतो, पूर्वेला पडलेला दक्षिण पिनाकिनीला. पाऊस दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि मधली वस्ती कोरडी राहते.

असं गाव जगलं ते तळ्यांवर. तळी सुटी नव्हती, हे महत्त्वाचं. पाठाळाजवळच्या उथळ घळीत आडवा मातीचा बांध घालायचा, त्यात शेताला पाणी सोडायची मोरी ठेवायची आणि एका अंगाला सांडवा. तळं भरलं की सांडव्यावरून निघालेलं पाणी चरातून खालच्या तळ्यात. तिथून आणखी खाली. दोन तळ्यांच्या मधे भातखाचरं. खाचरांतून निथळलेलं पाणीसुद्धा पुढच्या बांधाआड अडायचं. कन्नडात सांडव्याला कोडी म्हणतात, तळ्यांना जोडणाऱ्या मोठ्या चरांना राजकालुवे आणि मोरी उघडून प्रत्येकाच्या शेताला वाट्याचं पाणी देणाऱ्या गावकामगाराला नीरगंटी. गाळ काढणं, बांधावरची झुडपं तोडणं, चर मोकळे ठेवणं ही गावकीची कामं होती. वरच्या गावाने चर बुजवला तर खालच्या गावाचं भात करपायचं, त्यामुळे या कामांकडे डोळेझाक करणं सोपं नव्हतं.

ही रचना कुणा एका राजाची नाही. केंपेगौडांनी 1537 च्या सुमारास बंगळूरचा कोट बांधला आणि तळी खोदली, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण आजच्या बेळ्ळंदूर तळ्याच्या शेजारच्या आगर गावी गंग राजवटीतला, 9 व्या शतकातला शिलालेख आहे आणि त्यात तळ्यांची कामं नोंदलेली आहेत. म्हणजे कोट होण्याआधी सहा-सातशे वर्षं लोक या उतारावर बांध घालत होते. नकाशा कुणी काढला नव्हता. प्रत्येक गावाने आपल्यापुरता बांध घातला, तो वरच्याच्या सांडव्याखाली आणि खालच्याच्या बांधाच्या वरच्या अंगाला. 1866 मध्ये म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी लिहून ठेवलं की, पाणी साठवण्याचं तत्त्व या मुलखात इतक्या टोकाला नेलेलं आहे की नव्या तळ्यासाठी जागा शोधायला आता हुशारी लागेल. परक्या इंजिनिअरने देशी कामाला दिलेली ही पावती मला त्या काळच्या कुठल्याही गौरवग्रंथापेक्षा मोलाची वाटते.

बेळ्ळंदूरचं तळं या रचनेच्या पायथ्याला. शहराच्या उत्तरेकडून, जयमहालच्या बाजूने एक साखळी उतरते. दुसरी मध्य शहरातून, कृष्णराज मार्केटच्या आसपासून. तिसरी नैर्ऋत्येकडून, मडिवाळ आणि आगर करत. तिन्ही बेळ्ळंदूरला येतात. या सगळ्या खोऱ्याला कोरमंगला-चल्लघट्टा खोरं म्हणतात. बेळ्ळंदूरच्या सांडव्यावरून पाणी वर्तूर तळ्यात, तिथून दक्षिण पिनाकिनीत, मग होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणावरून तमिळनाडूत आणि शेवटी कडलूरपाशी बंगालच्या उपसागरात. तळ्याचा विस्तार सुमारे 900 एकर, शहरातलं सगळ्यात मोठं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर विमानं उतरायची. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी 1940 च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साथीने हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला तो इथून जवळच. 1943 मध्ये तो अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला आणि पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमानं दुरुस्तीसाठी बेळ्ळंदूरवर येऊ लागली.

ही साखळी मोडायला सुरुवात झाली ती नळामुळे. 1890 च्या दशकात अर्कावतीवरच्या हेसरघट्ट्याहून नळाचं पाणी शहरात आलं, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि 1974 मध्ये कावेरीचं पाणी, शंभर किलोमीटरवरून आणि कित्येकशे मीटर वर उचलून. नळाला पाणी आल्यावर घराजवळचं तळं पिण्याच्या उपयोगाचं राहिलं नाही; ते डासांचं घर झालं आणि नगरपालिकेच्या नजरेत मोकळी जमीन. धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम, शूले तळ्यावर फुटबॉलचं मैदान, अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यावर हॉकीचं. चल्लघट्ट्याचं गोल्फला गेलं. कोरमंगलाच्या तळ्यावर 1997 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत उठली. बंगळूरने आपल्या तळ्यांवर इतकी मैदानं का केली असावीत? सपाट, सरकारी आणि कुणाच्याही खाजगी मालकीची नसलेली जागा शहरात दुसरी नव्हती, एवढंच त्याचं उत्तर. शिवाय एकेक तळं गेलं तेव्हा काहीच बिघडलं नाही. पाऊस पडला, पाणी थोडं वेगाने खालच्या तळ्यात गेलं, आणि खालचं तळं मोठं होतं.

1985 मध्ये एन. लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने तळ्यांसाठी समिती नेमली. तळी मोडू नयेत, सांडपाणी त्यांत सोडू नये, अतिक्रमणं काढावीत, अशा तिच्या शिफारशी सरकारने स्वीकारल्याही. समितीने तळी मोजली. चर मात्र कागदावर नाल्यांच्या खात्यात राहिले, तळी दुसऱ्या खात्यात आणि बांधाखालची शेतजमीन महसुलात. जे एकसंध होतं त्याचे तीन तुकडे फायलींत आधी झाले, जमिनीवर नंतर.

मधल्या काळात चरांतलं पाणी बदललं होतं. कावेरीतून वर उचललेलं पाणी घराघरांत वापरलं जाई आणि गटारात पडे. गटारं जिथे अपुरी तिथे ते जवळच्या राजकालुव्यात जाई, कारण उतार तिकडेच होता. पूर्वी चर पावसाळ्यात वाहायचा आणि उन्हाळ्यात कोरडा असायचा. आता तो बारमाही झाला. शहराच्या सांडपाण्याचा सुमारे 40 टक्के भाग बेळ्ळंदूरच्या वाटेला लागला. यातला विरोधाभास असा की हे पाणी कावेरी खोऱ्यातून आणलेलं आणि पाठाळाच्या दुसऱ्या अंगाला सांडलेलं. तमिळनाडूला कावेरीचं पाणी किती द्यायचं यावर दोन राज्यं न्यायालयात भांडत असताना, त्याच कावेरीचं वापरलेलं पाणी भलत्याच नदीने तमिळनाडूला पोचत होतं.

1999 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांचा जाळ्यांवरचा एक छोटा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. तेव्हा बेळ्ळंदूरच्या काठाला बाह्य वळणरस्त्याची आखणी चालू होती आणि बेळ्ळंदूरची ग्रामपंचायत दप्तरासाठी संगणक वापरणाऱ्या देशातल्या पहिल्या पंचायतींपैकी एक म्हणून नावाजली जात होती. त्या निबंधाचा विषय आणि या तळ्याची कहाणी यांचा थेट संबंध नाही. तरी इथे थोडं थांबायला हवं, कारण बेळ्ळंदूरच्या दुखण्याला पुढे जी नावं दिली गेली त्यांत ‘केंद्र’ आणि ‘जाळं’ हे शब्द सैलपणे आले.

गणितज्ञ एर्डेश आणि रेन्यी यांनी 1959 पासून जी जाळी अभ्यासली त्यांत जोड नाणेफेकीने पडत. अशा जाळ्यात बहुतेक गाठींना साधारण सारखेच जोड असतात. एखादीला फार आणि बाकीच्यांना अगदी थोडे असं होत नाही. एका गाठीला किती जोड, याला डिग्री म्हणतात. बाराबाशींच्या गटाने आपल्या विद्यापीठाची सव्वातीन लाख वेबपानं मोजली तर चित्र उलटं निघालं: बहुतेक पानांकडे बोटावर मोजण्याइतकेच दुवे आणि मोजक्या पानांकडे प्रचंड. मधला ‘सरासरी’ आकार असा काही नाहीच, म्हणून स्केल-फ्री. त्यांनी कारणही सुचवलं. जाळं वाढत असतं आणि नवा येणारा आधीच गाजलेल्याला जोडून घेतो. ही कल्पना अगदी नवी नव्हती. शास्त्रीय निबंधांच्या उल्लेखांबाबत डेरेक प्राइस यांनी 1960-70 च्या दशकांतच जवळपास तेच दाखवलं होतं. 2000 साली याच गटाने ‘नेचर’मध्ये पुढचा निष्कर्ष मांडला: अशा जाळ्यातल्या कुठल्याही गाठी यदृच्छेने काढल्या तर जाळं तगून राहतं, मोठ्या गाठी वेचून काढल्या तर ते फुटतं. पुढे दोन दशकं जो तो आपापल्या विषयात स्केल-फ्री जाळी शोधू लागला. 2019 मध्ये ॲना ब्रॉयडो आणि आरन क्लॉसेट यांनी हजाराच्या आसपास जाळी काटेकोर कसोटीवर घासली तेव्हा पक्का पुरावा 4 टक्क्यांतच मिळाला. त्याच्याही आधी, 2003 मध्ये, पारंगमा सेन आणि सहकाऱ्यांनी भारतीय रेल्वेचं जाळं तपासलं होतं. तेही स्केल-फ्री निघालं नाही.

बेळ्ळंदूरही नाही. तळ्यांच्या साखळीत प्रत्येक तळ्याला बाहेर जाणारी वाट एकच आणि आत येणाऱ्या दोन-तीन. बेळ्ळंदूरची डिग्री मोजली तर ती आगरपेक्षा किंचितच जास्त भरेल. जोडांची मोजदाद करणाऱ्याला त्यात काही वेगळं दिसणार नाही. पण जोड मोजायचं सोडून प्रत्येक तळ्याच्या वर किती मुलूख आहे ते मोजलं, की दरी उघडी पडते: अगणित छोट्या खाचांवर काही एकरांचं पाणी, थोड्या तळ्यांवर काही चौरस किलोमीटरांचं आणि बेळ्ळंदूरवर शहराच्या मोठ्या भागाचं. नद्यांच्या बाबतीत ही विषमता रॉबर्ट हॉर्टन यांनी 1945 मध्येच मांडली होती. लहान ओढे जितके, त्यांच्याहून एक पायरी मोठे ओढे साधारण तिपटी-पाचपटीने कमी, त्यांच्याहून मोठे पुन्हा तितकेच कमी. प्रत्येक पायरीवर प्रमाण तेच. इथेही ठरावीक आकार नाही, पण ही विषमता लोकप्रियतेने आलेली नाही, उताराने आलेली आहे. वेबपान मागे पडू शकतं, दुसरं पुढे येऊ शकतं. बेळ्ळंदूरच्या जागी दुसरं तळं येऊ शकत नाही.

आणि 2000 च्या निष्कर्षाचा दिलासा इथे लागू पडत नाही. वेबच्या जाळ्यात एक दुवा तुटला तर फिरून जाता येतं. तळ्यांची साखळी झाडाच्या फांद्यांसारखी, तिच्यात दुसरी वाट नाही. संपंगी गेलं, शूले गेलं, कोरमंगला गेलं, तेव्हा त्यांनी अडवायचा गाळ, मुरवायचं पाणी आणि शोषायची घाण नाहीशी झाली नाही; एक पायरी खाली सरकली. छोटी तळी एकेक करून बिनबोभाट गेली ती यामुळेच. ज्याचं तळं गेलं त्याचं नुकसान होत नव्हतं. सगळी बाकी बेळ्ळंदूरच्या खात्यावर चढत होती.

2000 नंतर वळणरस्त्याच्या दोन्ही अंगांना काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, मागोमाग वसाहती. पुण्या-कोल्हापूरकडून आलेली कितीतरी मराठी बिऱ्हाडं तिथे आहेत. 2007 मध्ये गाव महापालिकेत गेलं. मासेमारी आणि बांधाखालचं भात तोवर आटोपलं होतं. तळ्यावर जलपर्णीची सलग चटई पसरली होती आणि सांडव्यापाशी फेस. कपडे-भांडी धुण्याच्या पावडरींतले फेसाळ घटक आणि फॉस्फेट वर्षानुवर्षं गाळात साठलेले. पहिला जोरदार पाऊस आला की गाळ ढवळला जाई, आणि पाणी सांडव्यावरून आपटलं की फेस रस्त्यावर उडे. 2015 च्या मे महिन्यात हा फेस पेटला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत बेळ्ळंदूर हे नाव पहिल्यांदा छापून आलं. भारतीय विज्ञान संस्थेतले टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांचे सहकारी याच्या बऱ्याच आधीपासून बेळ्ळंदूर-वर्तूरच्या पाण्याची मोजमापं प्रसिद्ध करत होते, हे त्या बातम्यांत क्वचितच आलं.

2017 च्या फेब्रुवारीत पुन्हा आग लागली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने आपणहून दखल घेतली. एप्रिलमध्ये तळ्याच्या आसपासचे सांडपाणी सोडणारे उद्योग बंद करण्याचा आदेश दिला आणि कचरा टाकणाऱ्याला 5 लाख रुपये दंड ठरवला. 2018 च्या 19 जानेवारीला आणखी मोठी आग लागली. तळ्याला लागून लष्कराची हद्द आहे. सुमारे 5,000 जवान कित्येक तास ती विझवत होते. त्याच वर्षी 6 डिसेंबरला लवादाने राज्य सरकारला 50 कोटी आणि महापालिकेला 25 कोटी रुपये भरायला लावले, कामासाठी 500 कोटी वेगळे ठेवायला सांगितले आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली.

माझ्या मते लवादाचा जास्त दूरगामी निकाल हा नव्हे, 2016 च्या मे महिन्यातला होता. आगर आणि बेळ्ळंदूर यांच्या मधल्या पाणथळ जमिनीवरच्या बांधकामाविरुद्ध नागरिकांच्या संघटना लवादाकडे गेल्या होत्या. त्या प्रकरणात लवादाने शहरभरासाठी नियम घातला: तळ्याभोवती 75 मीटर मोकळी जागा, आणि राजकालुव्यांच्या कडेला त्यांच्या दर्जाप्रमाणे 50, 35 आणि 25 मीटर. तळ्याइतकंच चरालाही संरक्षण, तेही लहान-मोठ्या चरांची पायरी ओळखून. हॉर्टन यांनी पाहिला असता तर त्यांना तो आपलाच वाटला असता. 2019 च्या 5 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने हा सरसकट नियम रद्द केला. अशी अंतरं ठरवणं विकास आराखड्याचं काम, लवादाचं नव्हे, असा त्याचा मुद्दा होता. कायद्याने तो बरोबर असेल. पण आराखडा करणाऱ्यांनी चरांची जी अवस्था केली होती ती पाहता, त्यांच्याकडेच परत पाठवणी होणं हे शहराला महागात पडलं.

किती महागात, ते 2022 च्या सप्टेंबरात कळलं. 4 तारखेच्या रात्री शहराच्या पूर्व भागात 130 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. वरची छोटी तळी फुटून-ओसंडून आली, बुजवलेल्या आणि वळवलेल्या चरांत ते पाणी मावेना, आणि वळणरस्ता, वसाहती, इमारतींची तळघरं पाण्याखाली गेली. महागड्या बंगल्यांतून लोकांना ट्रॅक्टर आणि रबरी होड्यांतून बाहेर काढावं लागलं. पाण्याची वाट मात्र जुनीच होती. नवी घरं तिच्यावर होती. महापालिकेने मग चरांवरची बांधकामं पाडायला यंत्रं आणली, काही आठवडे ती फिरली आणि थंडावली.

तळ्यापुरतं काम त्याआधीच, 2020 मध्ये सुरू झालं होतं. बंगळूर विकास प्राधिकरणाने येणारं सांडपाणी कडेच्या चरांतून वळवून तळं रिकामं करायला आणि गाळ उपसायला घेतला. गाळ अफाट, मुदती पुढे ढकलल्या गेल्या. मॅजेस्टिकच्या बाजूने येणाऱ्या के-100 या नाल्याची सुधारणा हे वरच्या अंगाचं जवळपास एकमेव मोठं काम. बाकी साखळीच्या वरच्या कड्यांवर स्टेडियमं आहेत, ती कुणी उठवणार नाही. म्हणून गाळ निघाल्यावरही बेळ्ळंदूरला सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या भरवशावरच राहायचं आहे. पूर्वी जे वीस बांध मिळून करत ते काम तीन-चार यंत्रांनी न थांबता करायचं.

या केंद्रांमुळेच साखळीला एक नवी कडी जोडली गेली, आणि ती चढावर. कोलार जिल्हा कायमचा दुष्काळी, बारमाही नदी नाही, विंधनविहिरी खोल-खोल चाललेल्या. कर्नाटक सरकारने कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं शुद्ध केलेलं सांडपाणी, दिवसाला 440 दशलक्ष लिटरपर्यंत, नळांनी वर उचलून कोलारच्या शंभराहून अधिक तळ्यांत सोडायची योजना आखली. 2018 च्या जूनमध्ये पहिलं पाणी तिथल्या लक्ष्मीसागर तळ्यात पडलं. पहिल्या तळ्याच्या सांडव्यावरून दुसऱ्यात, दुसऱ्याच्या तिसऱ्यात. कोलारच्या जुन्या साखळ्या अजून जागेवर होत्या म्हणूनच हे जमलं. महिनाभरात तिथेही फेस दिसला. उच्च न्यायालयाने पाणी थांबवलं, मग सशर्त परवानगी दिली. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि नंतर पाणी पुन्हा सुरू झालं. विहिरींना पाणी वाढलं, असं कोलारचे शेतकरी सांगतात. त्यांच्यातलेच काही जण विचारतात की दोन टप्प्यांचं शुद्धीकरण झालेलं हे पाणी मुरून विहिरीत येतं तेव्हा त्यात काय-काय येतं, आणि तिसरा टप्पा का बसवत नाही. त्या मागणीवरचा निर्णय लांबत राहिला आणि पंप चालू राहिले.